नीटनेटकी म्हणून नामंजूर

कात्रीने वेडाचा सरकारी दाखला विकत घेतला, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा फुटली ती गॅरेजवाल्याच्या तोंडून. आणि गॅरेजवाल्याच्या तोंडची बातमी म्हणजे सायलेन्सर काढलेली मोटरसायकल, ज्याला ऐकायची नाही त्यालाही ऐकू जाते. "चांगली धडधाकट बाई," तो म्हणाला, "दिवसभर लोकांचे केस कापते, वर टोमणे मारते, आणि महिन्याच्या महिन्याला अपंगांचा भत्ता उचलते. कुणाचे तरी हात ओले केल्याशिवाय हे होतं का?" समोरच्या काकूंनी त्यात आपल्या पदरचं तिखटमीठ घातलं. संध्याकाळपर्यंत दाखल्याचा भाव ठरला, दलाल ठरला, दलालाला मिशा फुटल्या आणि त्या मिशा पाहिलेला एक साक्षीदारही निघाला.

यातलं खरं एवढंच, की दाखला आहे आणि भत्ताही येतो. विकत मात्र घेतलेला नाही. उलट पहिल्या खेपेला सरकारने तिला चक्क हात हलवत परत पाठवलं होतं, आणि त्याचं कारण ऐकलं तर गॅरेजवालासुद्धा पाना खाली ठेवून दोन मिनिटं गप्प बसेल. कात्री केस विंचरून गेली होती.

आता कात्री म्हणजे कोण, तर थोरल्या बहिणीच्या पार्लरमधली दुसरी खुर्ची. पहिल्या खुर्चीवर ताई, दुसरीवर ही. हातातली कात्री जास्त धारदार की तोंडातली, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. एक मुलगी कुठल्याशा नटीचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, मला अगदी अशीच करून दे. कात्रीने फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं. "केस हिच्यासारखे देते. बाकीचं तुझ्या आईवडिलांकडे माग." मुलगी हसून हसून खुर्चीतून घसरली आणि पुढच्या महिन्यात दोन मैत्रिणींना घेऊन आली. पैसे देऊन अपमान करून घ्यायला लोक रांगा लावतात, असं हे एकच ठिकाण आमच्या गल्लीत आहे.

पार्लर अरुंद. दोन खुर्च्या, भिंतभर आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि त्याचा कायम ठिबकणारा नळ, कोपऱ्यात वाफेचं मशीन, आणि सगळ्यावर केसांच्या रंगाचा तो नाकात जाऊन बसणारा वास. मागे पडदा, आणि पडद्याआड एक खोली. एक खिडकी, एक पलंग, एक शेगडी, आणि मागच्या बोळात उघडणारं एक दार. त्या दाराची किल्ली कात्रीच्या गळ्यातल्या दोरीला. ताई नवऱ्यासोबत दोन गल्ल्या सोडून राहते. खोली एकट्या कात्रीची.

तर अशी ही बाई. पण वर्षा-दीड वर्षाने कधीतरी तिचं बिनसतं, आणि ते दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा चढती. त्यात तिला झोप नको, जेवण नको, बोलायला माणूस हवा आणि माणूस नसला तर खुर्चीही चालते. अशाच एका चढतीत तिने आरसेवाल्याला गाठून अख्खी गाडीभर आरसे मागवले. का, तर गिऱ्हाइकाला स्वतःचं डोकं पुढून, मागून, वरून, सगळीकडून एकाच वेळी दिसलं पाहिजे. वर गल्लीत फिरून सगळ्यांचे केस फुकट कापले. गॅरेजवाल्याची दाढीसुद्धा त्यात कोरून झाली, हे तो आता सोयीस्करपणे विसरतो. ताई पुढे कित्येक दिवस ते आरसे परत करत फिरत होती.

दुसरी तऱ्हा उतरती, आणि ती खरी वाईट. त्या तऱ्हेत पार्लरमधल्या दुसऱ्या खुर्चीसमोरच्या आरशावर टॉवेल पडतो. कात्रीला स्वतःचं तोंड बघवत नाही, म्हणून ती तो टाकते आणि पडद्याआड जाते. मग आठवडे जातात. गिऱ्हाइकं विचारतात, धाकटी कुठंय? ताई म्हणते, "पाठ धरलीय तिची." गिऱ्हाइकं म्हणतात, "अगंबाई, जप म्हणावं." टॉवेल दिसला की ही पाठ कुठली ते सगळ्यांना कळायचं, पण तोंडाने कुणी काढायचं नाही. झाकणं हा तर दोघी बहिणींचा धंदाच. पुटकुळी असो, पांढरा केस असो, डोळ्याखालचं काळं असो, ताईचा हात असा फिरतो की ज्याचं झाकलं त्यालाही मागाहून सापडू नये. झाकली मूठ सव्वालाखाची, हे त्यांच्या दुकानावर पाटी म्हणून लावलं तरी चालेल.

एका वर्षी असाच दीड-दोन महिने टॉवेल राहिला, आणि कात्री बाहेर आली ती डोक्यावर बोटभर केस घेऊन. आधी चांगले कमरेपर्यंत होते. गल्लीतल्या पोरी खुळावल्या. "मावशी, काय कट आहे! मलाही तस्साच." त्या मोसमात ताईने तो कट कितीतरी जणींचा केला. तो करताना तिचा हात जरा जड चालायचा, पण असल्या गोष्टींकडे बघायला गिऱ्हाईक कशाला येतं?

गेल्या खेपेची उतरती मात्र दादापर्यंत पोचली. दादा म्हणजे या दोघींचा मोठा भाऊ. दुसऱ्या गावी त्याचं नळ-पाइपांचं दुकान आहे. कात्री कमावत नसे तेव्हा खोलीचं भाडं आणि औषधं तोच भरायचा. न बोलता भरायचा, हेही खरं. पण त्या खेपेला कात्रीने शेगडीवर ठेवलेलं पातेलं जळून कोळसा झालं, बोळभर धूर झाला, आणि ही त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. दादा दुसऱ्याच दिवशी आला.

"बास झालं," तो म्हणाला. "आमच्याकडे जिन्याखालची खोली रिकामी केलीय. तिथे राहा. वहिनी बघेल."

"बघेल म्हणजे?"

"म्हणजे लक्ष ठेवेल."

कात्रीने ती खोली पाहिलेली होती. पूर्वी तिथे दुकानाचा माल असायचा. "त्या खोलीची कडी बाहेरून आहे, दादा."

"मग काय झालं?"

हे त्याने अगदी साधेपणाने विचारलं. वाईट बोलणाऱ्याशी भांडता येतं. जो प्रेमाने बाहेरून कडी लावतो त्याच्याशी कसं भांडायचं? दादाने मुदत दिली. खोलीचा करार संपेपर्यंत तिने आजारातल्या दिवसांच्या भाड्या-औषधांची स्वतःची काही सोय केली तर ठीक. नाहीतर सामान बांधायचं.

सोय सुचवली ती डॉक्टरीणबाईंनी. कात्रीची औषधं त्यांच्याकडे कित्येक वर्षांची. त्या म्हणाल्या, "अपंगत्वाचा सरकारी भत्ता असतो. मनाच्या आजारालाही मिळतो. अर्ज कर."

"अपंग?" कात्री खुर्चीतून अर्धी उठली. "माझं सगळं शाबूत आहे."

"महिना-महिना त्याच शाबूत पायांनी मोरीपर्यंत जाता येत नाही, त्याला तू काय म्हणतेस?"

"आळस."

"हे तुझ्या दादाचं उत्तर झालं. तुझं सांग."

 कात्रीने अर्ज केला.

अर्जाच्या खिडकीपासूनच मजा सुरू झाली. कारकुनाने कागद घेतले, वर न बघता विचारलं, "पेशंट कुठंय?"

"ही काय."

आता त्याने वर पाहिलं. "बाई, पेशंटला आणावं लागतं. नातेवाइकांनी येऊन चालत नाही."

"मीच पेशंट आहे."

त्याने मान वाकडी करून तिच्या मागे पाहिलं. मागे एक कुंडी होती. बिचाऱ्याने कुंडीकडेही क्षणभर आशेने पाहिलं म्हणतात.

मग आला तपासणीचा दिवस, आणि इथे दोघी बहिणींनी ती चूक केली जी फक्त पार्लरवाल्याच करू शकतात. सरकारी कचेरीत जायचं, चार मोठ्या माणसांपुढे उभं राहायचं, तर गबाळं कसं जायचं? ताईने आदल्या दिवशी तिचं फेशियल केलं. सकाळी केस धुतले, ड्रायरने फुगवले, भुवया कोरल्या, नखांना फिकट रंग लावला. कात्रीची ती चांगली चाललेली वेळ होती. ती कचेरीत शिरली तेव्हा शिपाई उठून उभा राहिला.

आत समितीचे तिघं. मध्ये अध्यक्ष, ते डॉक्टर. डावीकडे मानसशास्त्राच्या बाई. उजवीकडे भत्त्याच्या खात्याचा अधिकारी, ज्याला बसल्या जागी घाई झालेली होती.

"रोज आंघोळ करता?" अध्यक्षांनी विचारलं.

आता तुम्हीच सांगा. जिचा धंदा दुसऱ्यांना चकचकीत करायचा, तिने तीन परक्या माणसांपुढे काय सांगायचं? की कधीकधी महिना-महिना अंगाला पाणी लागत नाही?

"दोन वेळा," कात्री म्हणाली.

"स्वयंपाक?"

"करते की. कारल्याचासुद्धा गोड करते."

"झोप?"

"अंथरुणाला पाठ लागायचा अवकाश."

अध्यक्ष ताईकडे वळले. "घरच्यांना काही त्रास जाणवतो?"

"नाही हो," ताई म्हणाली. "जरा हळवी आहे, एवढंच."

सगळं झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला काही सांगायचंय? तेव्हा कात्रीला राहवलं नाही. "साहेब, राग मानू नका, पण कलर कानामागे राहून गेलाय. कुणाकडे करता?" मानसशास्त्राच्या बाई तोंडावर हात धरून हसल्या. अध्यक्षही हसले आणि कान चाचपला. कात्री बाहेर आली ती पहिल्या नंबराने पास झाल्यासारखी. "एक प्रश्न चुकू दिला नाही, ताई!"

उत्तर आलं: अर्जदार नीटनेटकी, सहकार्य करणारी, स्वतःची काळजी स्वतः घेणारी, विनोदबुद्धी उत्तम. अपंगत्व निकषात बसत नाही. नामंजूर.

ताकाला जाऊन भांडं लपवलं, ते असं. आणि नुसतं लपवलं नाही, घासूनपुसून, रंग लावून लपवलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "तू काय परीक्षा द्यायला गेली होतीस?"

"त्यांनी विचारलं, मी बरोबर उत्तरं दिली."

"खरी द्यायची होती. त्यांनी फक्त त्या सकाळचं बघायचं नसतं गं. गेल्या दोन वर्षांत तुझं तुला किती जमलं, किती वेळा काम सुटलं, कोण उठवतं, कोण भरवतं, हे बघायचं असतं. माझे कागद त्यांच्याकडे आहेत, पण समोर बसलेलं माणूसच 'मस्त आहे' म्हणतं म्हटल्यावर कागदाला कोण विचारतो? फेरतपासणी माग. आणि या वेळी झाकू नकोस."

फेरतपासणी मागितली. इकडे गल्लीला वास लागला, आणि जो तो वैद्य झाला. गॅरेजवाला म्हणाला, केस मोकळे सोड, एकाच पायात चप्पल घाल, आणि काही विचारलं की नुसती हस. समोरच्या काकू म्हणाल्या, "मी सांगते, तू भिंतीशी बोल. भिंतीशी बोललं की लगेच पटतं त्यांना."

"काकू," कात्री म्हणाली, "भिंतीशी मी रोजच बोलते. पलीकडे तुमचंच घर आहे ना."

पण ताईच्या मनात गॅरेजवाल्याचं बोलणं रुतून बसलं. करार संपत आला होता. दादाचा फोन दर आठवड्याला येत होता, आणि प्रत्येक फोनमध्ये जिन्याखालची खोली थोडी थोडी सजत होती. पंखा लावला, मग पडदे लावले, मग नवी गादी आणली. कडीबद्दल तो काही बोलत नव्हता.

फेरतपासणीच्या सकाळी कात्री केस धुऊन खुर्चीत बसली, तर ताईने आरशासमोर मेकअपची पेटी उघडलेली. त्यातून तिने राखाडी काढला, तपकिरी काढला, थोडा जांभळा काढला आणि स्वतःच्या मनगटावर बोटाने एकत्र घोटला. झकास काळं वर्तुळ तयार झालं. तसं वर्तुळ झाकण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिला ते काढायला कितीसा वेळ?

"हे काय?" कात्रीने विचारलं.

"डोळ्याखाली थोडंसं. ओठांना जरा पांढुरकं. केस आज वाळवत नाही, तसेच राहू देत."

"वेडीचा मेकअप?"

"आजारीचा," ताई म्हणाली. "तू आजारी आहेसच ना? मग दिसलं तर काय बिघडलं?"

"ताई, मला खरा आजार आहे. त्याला सोंग कशाला? सोंग पकडलं गेलं की माझं खरंही त्याच्याबरोबर कचऱ्यात जाईल."

"मग निदान न विंचरता चल."

"का म्हणून? आज मला विंचरायला जमलंय. सकाळी उठले, पाणी तापवलं, डोकं धुतलं. ज्या दिवशी हे जमत नाही, त्या दिवशी मी त्या कचेरीच्या पायरीपर्यंत पोचूच शकत नाही. मी तिथे कधीही गेले तरी चांगल्याच दिवशी जाणार ना? हे त्यांना कळत नसेल तर ते त्यांना शिकवू. मी का घाण राहू?" तिने ड्रायर उचलून ताईच्या हातात दिला. "फुगव चांगले. आणि ती लाल लिपस्टिक दे. ती नाही, ती फिकी आहे. ती भडक."

ताईने ड्रायर लावला. डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच वाहत राहिले.

समितीत तेच तिघं. अध्यक्षांनी तिला ओळखलं. कानामागे या वेळी रंग व्यवस्थित होता. "पुन्हा तुम्ही? छान दिसताय."

"आभारी आहे. गेल्या वेळी याच्यावरच नापास केलंत."

खात्याच्या अधिकाऱ्याने पेन आपटलं. अध्यक्ष मात्र थांबले. "बोला."

"गेल्या वेळी मी खोटं बोलले," कात्री म्हणाली. "आंघोळीचं विचारलं होतंत तुम्ही."

आणि तिथेच ती अडली. जिच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला पुरून उरतो, तिच्या तोंडून पुढचा शब्द निघेना. तिने नखांकडे पाहिलं.  शेवटी ती म्हणाली, "हिला विचारा. माझ्या आजारातलं मला धड आठवत नाही, हिला सगळं आठवतं."

सगळे ताईकडे वळले. ताईने घसा खाकरला. "म्हणजे तशी काही... कधी कधी जरा दमल्यासारखी..."

"ताई," कात्री हळूच म्हणाली. "पावडर नको लावूस."

 ताईने पर्स मांडीवरून खाली जमिनीवर ठेवली आणि बोलायला लागली, तीही समितीकडे न बघता, कात्रीच्या डोक्याकडे बघत.

"हिचे केस कमरेपर्यंत होते. दीड-दोन महिने हिने डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. मी रोज पडद्याबाहेरून हाक मारायचे. आत जायचे, भरवायचे, दोन घास गेले तर गेले. अंग पुसायचे. केसांना हात लावला की ओरडायची. शेवटी त्यांचा असा गुंता झाला की कंगवा सोडा, सुईसुद्धा जाईना. वास यायला लागला. मी... माझा धंदा हाच आहे हो. जगाचे गुंते मी सोडवते. हिचा नाही सुटला. ही झोपेत असताना मी मशीन फिरवलं. बोटभर ठेवून सगळे काढले. बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं तर मी म्हटलं, नवा कट आहे. पोरींनी तो कट मागितला. मी प्रत्येकीचा केला. काय करणार? पाठ धरलीय म्हणून सांगितलं होतं मी सगळ्यांना."



कात्रीला ही गोष्ट पूर्ण अशी त्याच दिवशी कळली. मशीन फिरवल्याचं तिला अर्धवट आठवत होतं, पण त्या पोरींचे केस कापताना ताईचं काय होत होतं, ते नाही. तिने हात पुढे करून ताईची पर्स उचलली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. आणि मग कात्री उघडली ती उघडलीच. टॉवेलचं सांगितलं, आरशांच्या गाडीचं सांगितलं, जळलेल्या पातेल्याचं सांगितलं. धूर दिसत होता, उठायचं कळत होतं, पण उठणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगाला उठ म्हणण्यासारखं झालं होतं, हेही सांगितलं.

खात्याचा अधिकारी पुढे वाकला. "पण एरवी काम करता ना? कमावता. मग भत्ता कशाला?"

"तुमच्याकडे छत्री आहे, साहेब?"

"आहे. मग?"

"आज ऊन आहे म्हणून ती फेकून दिलीत का?"

मानसशास्त्राच्या बाईंनी आतापर्यंत फारसं तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी हलकेच विचारलं, "पुन्हा तसं होईल याची भीती वाटते?"

"त्याची भीती नाही, खात्रीच आहे. ते येईल आणि जाईल. भीती वाटते ती एका खोलीची, जिची कडी बाहेरून आहे. मधल्या वाईट महिन्यांचं भाडं माझं मला देता आलं, तर मी माझ्या दाराआड आजारी पडेन. नाहीतर दुसऱ्याच्या."

अध्यक्षांनी जुना शेरा काढला, वाचला. नीटनेटकी. त्यांनी त्यावर रेघ मारली की नाही, हे टेबलाच्या या बाजूने दिसलं नाही. "कळवू," एवढंच म्हणाले.

कळवायला त्यांनी सरकारी वेळ घेतला. त्या काळात दादाने तिकडे टेम्पो ठरवून ठेवला होता, ताईची एक-दोन गिऱ्हाइकं कपाळावर भलतीकडे भुवया घेऊन घरी गेली होती, आणि कात्री मात्र दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहून लोकांचे अपमान नेटाने करत होती. मग मंजुरी आली. मुदतीची. ठरावीक काळाने पुन्हा समितीपुढे यायचं, पुन्हा सगळं सांगायचं. ताई रडली. कात्री म्हणाली, "पुन्हा लाल लिपस्टिक लागेल. स्टॉक करून ठेव."

मग गल्लीत ती दाखल्याची बातमी फुटली, मिशांसकट. कात्री गॅरेजसमोरून गेली तेव्हा गॅरेजवाल्याने मुद्दाम हाक मारली, "काय, दिसत तर नाही तू आजारी!" कात्री थांबली. "तूही मेकॅनिक दिसत नाहीस. गाड्या सोडून जातातच ना लोक?" यावर गॅरेजमधली गिऱ्हाइकंच जास्त हसली.

आणि कराराच्या शेवटच्या दिवशी दादा आलाच. टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा. कात्रीने दार उघडलं, त्याला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. नव्या कराराचा कागद मालकाने सकाळीच नेला होता, पहिलं भाडं तिने स्वतः दिलं होतं, हे तिने सांगितलं. दादाला खरंच बरं वाटलेलं दिसलं. तो हसला, पार्लरमधून आत आलेल्या ताईच्या पाठीवर थाप मारली. पण टेम्पो काही हलेना.

"मी म्हणतो ते ऐक," तो म्हणाला. "भत्ता मिळाला, उत्तम झालं. पण आता तो माझ्या खात्यात येऊ दे. सांभाळणारा म्हणून माझं नाव लावू. करार काय, मालकाशी बोलून मोडता येईल. तू आमच्याकडे राहा, पैसेही जपून राहतील. तुला कुठे हे जमणार?"

"जमतंय की."

"आज जमतंय. उद्या? मला झोप लागत नाही गं तुझ्या काळजीने."

"मग डॉक्टरीणबाईंचा नंबर देते. त्या झोपेचं छान बघतात."

"थट्टा नको." दादाचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. "तू आजारी आहेस. मी म्हणत नाही, आता सरकारनेच लिहून दिलंय."

कात्रीने दाखला उशाखालून काढला, त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "आजारी आहे असं लिहिलंय, दादा. लहान आहे असं यात कुठंही लिहिलेलं नाही. जा, टेम्पोवाल्याला परत पाठव."